बकाणाच्या दोन फांद्या

पाठक बाईंनी माझं एक साधं सुख कायमचं घालवलं. रस्त्याने जाताना एखादं झाड बघावं, 'वा' म्हणावं आणि पुढे जावं, एवढंच ते सुख. आता ते जमत नाही. फाल्गुनात रस्त्याकडेला काही लाल फुललेलं दिसलं की माझी नजर फुलांवरून खाली उतरते, खोडाला काटे आहेत का ते शोधते, आणि तेवढ्यात मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवतो. बायको म्हणते, "अहो, समोर बघा." मी समोर बघतो आणि मनातल्या मनात बाईंवर चिडतो. ती सवय वर्षानुवर्षांची आहे, इतक्यात जायची नाही.

मी नगरला सावेडीत राहायचो. शाळा घोडेगावच्या पुढे, हायवेपासून जरा आत. मी इंग्रजी शिकवायचो, पाठक बाई गणित, आणि आमच्याबरोबर चित्रकलेचे शेख सर. तिघं एकाच भागात राहणारे, म्हणून माझ्याच गाडीने जायचं ठरलं. शेख सर मागच्या सीटवर बसायचे, शेंडी गाव यायच्या आत झोपायचे आणि शाळेच्या फाटकापाशी जागे व्हायचे. बाई पुढे, माझ्या शेजारी. ही जागा त्यांना कुणी दिली नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं, बसल्या आणि म्हणाल्या, "मागून एकाच बाजूचं दिसतं." कशाच्या एका बाजूचं, ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाई अंगाने सडसडीत, उंचीने बेताच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात बाराही महिने वाकड्या मुठीची काळी छत्री. उन्हापावसात ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. तिचा उपयोग वेगळा होता. मुठीचा आकडा फांदीला अडकवायचा आणि फांदी खाली ओढायची. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला. बाई एकट्याच राहायच्या आणि एकट्या माणसाला जितकं हट्टी असता येतं तितक्या हट्टी होत्या.

पहिल्याच वसंतात मी फसलो. इमामपूरचा घाट चढताना डाव्या हाताला एक झाड अंगभर लाल झालं होतं. मी सहज बोललो, "काय पळस फुललाय बघा, बाई!"

"थांबवा गाडी."

मला वाटलं, यांना मळमळतंय. घाईघाईने गाडी कडेला घेतली. बाई छत्री घेऊन उतरल्या, माझ्या बाजूला आल्या आणि काचेवर टकटक केली. "तुम्हीपण या."

"बाई, उशीर होतोय."

"पळस म्हणालात ना? मग दाखवा मला पळस."

उतरलो. दुसरं काय करणार? बाईंनी मला खोडाला हात लावायला सांगितला. लावला, आणि काटा बोटात गेला.

"पळसाला काटे असतात?"

"नसतात का?"

"मला विचारू नका, तिकडे बघा." त्यांनी छत्रीने उतारावरचं दुसरं झाड दाखवलं. तेही लाल. मला तर दोन्ही सारखीच. मग तिथे, ट्रकांच्या धुरात, तास सुरू झाला. तो पलीकडचा पळस. त्याची कळी काळसर मखमली, फूल केशरी आणि पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं. हा अलीकडचा पांगारा. फुलं पोवळ्याच्या रंगाची, फांदीच्या टोकाला झुबक्याने, आणि अंगाला काटे. पानं दोघांचीही तीन-तीनच्या जोडणीची, पण या दिवसांत दोघांच्याही अंगावर पान नसतं, म्हणून माणूस चकतो. आणि वरच्या वळणावर आडव्या फांद्यांचं उंच झाड दिसतंय, ज्याची फुलं जाडजूड, पडली की धप्प आवाज करणारी, ती काटेसावर.

"तीन वेगळी झाडं, जगताप. तुम्ही तिघांना एकाच नावानं हाक मारलीत."

"जवळपास सारखीच दिसतात हो."

"जवळपास म्हणजे चूक," बाई म्हणाल्या. वर्गात फळ्यापाशी त्या हेच वाक्य याच सुरात म्हणायच्या.

गाडीत शेख सरांनी एक डोळा उघडला. "आली का शाळा?"

"नाही," मी म्हणालो, "पांगारा आलाय."

ते पुन्हा झोपले. त्या दिवशी आम्हा तिघांच्याही नावापुढे मुख्याध्यापक निमसे सरांनी लाल पेनाने उशिराची खूण केली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. माझं मात्र तोंड कडू झालं.

हे एकदाच झालं असतं तर गंमत म्हणून सांगितलं असतं. पण होळीपासून उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत हे रोज. करंजाला नवी पालवी आली की थांबा, शिरीष फुलला की थांबा. "बघितलंत की ओळखलंत?" हा प्रश्न तर इतक्या वेळा की मी स्वप्नातही "बघितलं फक्त" असं उत्तर द्यायचो, असं बायको सांगते. गाडीची अवस्था तर विचारू नका. समोरच्या खणात कागदपत्रांच्या जागी शेंगा. पायाखालच्या जाजमात बिया पडायच्या, आणि एका पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत आलं तेव्हा तिथे चक्क कोंब उगवले. मी ते उपटायला गेलो तर बाई म्हणाल्या, "थांबा, दोन पानं येऊ द्यात, मग कळेल कोण आहे." एकदा बायकोच्या भरजरी साडीवर सुरवंट चढला. त्या रविवारी मी सगळी गाडी झाडून काढली. सोमवारी बाईंनी खण उघडला, रिकामा पाहिला आणि म्हणाल्या, "बरं झालं, जागा केलीत."

घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. टेम्पोत म्हशी, रस्त्यात म्हशी, माणसं म्हशींच्या मधे. अशाच एका दिवशी आम्ही अडकलो होतो. कडेला एका जुन्या झाडाला पार बांधलेला, झाडाला तांबूस कोवळी पालवी आलेली, आणि त्याच्या सावलीत एक पटकेवाला व्यापारी चार म्हशी बांधून उभा. बाईंनी काच खाली केली.

"काय हो, हे झाड कोणतं?"

"पिंपळ हाय की, बाई."

"नाही. पायर आहे."

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. व्यापाऱ्याने एकदा झाडाकडे, एकदा बाईंकडे पाहिलं. "आमच्या आज्ज्याच्या टायमापून पिंपळच म्हनत्यात. बायका फेऱ्या मारत्यात ह्याला."

"मारू द्यात, फेऱ्या मारायला माझी हरकत नाही. पण पान बघा. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते. याला आहे का?"

"आवो, सावली पडती ना? मंग झालं. पिंपळ काय अन् तुमची ती पायर काय."

बाई दार उघडून खाली उतरल्या. मला कळलं की आता पंधरा-वीस मिनिटं गेली. "असं म्हणता?" त्या म्हणाल्या. "मग ही म्हैस मुऱ्हा आहे की जाफराबादी, कशाला सांगता गिऱ्हाइकाला? दूध देते ना? मग झालं."

व्यापाऱ्याला ते भलतंच लागलं. "तसं कसं, बाई! जमीन-अस्मानाचा फरक हाय. हिची शिंगं बघा, जिलबीवानी वळल्यात, ही मुऱ्हा. जाफराबादीचं शिंग जाड, गालावरून खाली उतरतंय अन् मंग वळतंय. डोस्कं येवढं मोठं. येडं गिऱ्हाईक आलं तर फसतंय."

"मग मी काय वेगळं सांगतेय?"

तो हसला. पण बाईंना जिंकण्यात रस नव्हता. त्यांनी त्याला सगळ्या शिंगांचं सगळं विचारलं, कास बघायला लावली, कान बघायला लावले. वाहतूक सुटली, मागच्या गाड्या माझ्या नावाने ओरडायला लागल्या, तरी बाई म्हशीच्या तोंडाशी वाकून उभ्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "किती नीट बघतो हो माणूस! फक्त वर बघत नाही." मी गिअर टाकला. बोललो असतो तर भांडण झालं असतं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. नववीत दोन ओंकार शिंदे होते. एकाच वस्तीवरचे, एकाच अंगाचे, दोघांच्याही कपाळावर सारखी झुलपं. सगळे शिक्षक त्यांना "ए ओंकार" म्हणायचे, दोघांतला कुठलाही उठला तरी चालायचं. एकाने दंगा केला की दुसऱ्याच्या घरी निरोप जायचा. बाईंनी पहिल्या आठवड्यात दोघांना वेगळं केलं ते कायमचं. "हा डावखुरा आहे आणि विचार करताना ओठ चावतो, तो उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही." ऑफिसने एकदा दोघांच्या बापांना उलटसुलट बोलावलं तेव्हा बाई तास सोडून ऑफिसात गेल्या आणि हात वर न करणाऱ्या ओंकारच्या बापासमोर कारकुनाला माफी मागायला लावली. कारकून त्यानंतर बाईंशी बोलायचा बंद झाला. असं त्यांच्याशी न बोलणाऱ्यांचं शाळेत एक मंडळच होतं.

त्या मंडळात निमसे सर आले ते त्यांचे वडील गेले तेव्हा. आम्ही तिघं त्यांच्या वस्तीवर भेटायला गेलो. अंगणात सतरंजी घातलेली, भाऊबंद बसलेले. निमसे सर एरवी करडे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फुटत होता. अंगणातल्या झाडाकडे बोट करून म्हणाले, "दादांनी स्वतःच्या हाताने लावलेला हा गुलमोहर. रोज संध्याकाळी याच्याखाली बाज टाकून बसायचे."

कुणीतरी डोळे पुसले. बाई वाकल्या, सतरंजीच्या कडेची एक वाळकी शेंग त्यांनी उचलली. मी खोकलो. शेख सरांनीसुद्धा खोकून पाहिलं.

"सर," बाई हळूच म्हणाल्या, "हा सोनमोहर आहे."

"काय?"

"शेंग बघा. चपटी, बोटाएवढी, तांब्याच्या रंगाची. गुलमोहराची हातभर लांब असते. पानं दोघांची सारखीच, त्यामुळे फुलं येईपर्यंत गोंधळ होतो. याला पिवळी फुलं येत असतील ना?"

निमसे सरांनी तोंड फिरवलं. त्यांच्या भावाने आमच्याकडे असं पाहिलं की मी चहाला न थांबता उठलो. गाडीत मी पहिल्यांदा बाईंवर ओरडलो. "अहो, कुठं काय बोलावं याचं काही आहे का नाही? माणूस रडत होता तिथं!"

बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड आहे, जगताप. त्याचं नाव तरी बरोबर घ्यायला नको?" आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "फार चांगले होते हो दादा. शाळेत आले की मुलांना आधी पाणी प्यायला लावायचे." त्या मनापासून रडत होत्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आणि मग तो पाडवा आला.

पाडव्याला आमच्या शाळेत पाचवीच्या नव्या मुलांचे प्रवेश व्हायचे. आईबाप पोरांना नवे कपडे घालून आणायचे, संस्थेचे अध्यक्ष गुढी उभारायचे. त्यांना सगळे आण्णा म्हणत. मग मुलांच्या हातावर कडुनिंबाचा प्रसाद, म्हणजे पानं, फुलं, गूळ, हरभऱ्याची भिजवलेली डाळ, हिंग, जिरं, सगळं वाटून. फांद्या आणायचं काम भानुदासचं. भानुदास आमचा शिपाई. त्या वर्षी त्याने हायवेच्या कडेच्या झाडांवरून भारा तोडून आणला होता.

गुढी उभी राहिली. आण्णांचं भाषण झालं. पोरं ओळीत उभी केली आणि निमसे सर पातेलं घेऊन उभे राहिले. बाई हात धुवायला स्वयंपाकाच्या खोलीमागे गेल्या होत्या. तिथे उरलेल्या फांद्या पडलेल्या. परत आल्या त्या जवळजवळ पळतच, हातात एक फांदी.

"सर, प्रसाद थांबवा."

"बाई, आज नको. पाहुणे आहेत."

"यात बकाण आहे. बकाण निंब. दिसायला कडुनिंबासारखाच असतो, पण हे फूल बघा, जांभळं आहे. कडुनिंबाचं पांढरं असतं. आणि हे पान, देठाला फाटे फुटून मग पानं आलीत. याची फळं विषारी असतात. पानंही पोटात घालू नयेत."

निमसे सरांनी आवाज खाली आणला, पण मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "माझ्या बापाच्या झाडावरून झालं, आता देवाच्या प्रसादावर आलात का?" आणि त्यांनी ओळीला पुढे व्हायची खूण केली.

पहिली एक बारकी मुलगी होती, परकर-पोलक्यातली. तिने हात पुढे केला. निमसे सरांनी चमचा भरला. बाईंनी मोठ्यांदा "थांबा!" म्हणून हाक मारली, पातेलं त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि तिथेच, गुढीसमोर, मातीत उपडं केलं.

हिंगाचा आणि गुळाचा वास सुटला. ती मुलगी रडायला लागली. मग एकदम आरडाओरडा. पाडव्याचा प्रसाद मातीत! आण्णांच्या बरोबरची माणसं पुढे आली, बायका कुजबुजायला लागल्या. बाई ती फांदी वर धरून उभ्या होत्या आणि जो ऐकेल त्याला फुलाचा रंग सांगत होत्या. ऐकत कुणीच नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून गाडीपाशी आणलं. इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. त्या बरोबर असणार याची मला खात्री होती, आणि म्हणूनच जास्त राग येत होता.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या मंडळासमोर बाईंना बोलावणं आलं. जाताना गाडीत मी त्यांना समजावलं. शेख सरही जागे होते, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

"बाई, एवढंच म्हणायचं, मुलांच्या जिवाची काळजी वाटली. झालं. बाकी एक शब्द नको."

"काळजी वाटलीच होती."

"मग तेवढंच बोला. फुलं, पानं, देठ काही काढू नका."

"विचारलं तर?"

शेख सर मागून म्हणाले, "बाई, अल्लाच्या वास्ते."

मी आणि शेख सर साक्षीला म्हणून भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो. निमसे सर समोर. आण्णा पक्के राजकारणी, पण वाईट माणूस नव्हे. गाव भडकलेलं होतं आणि त्यांना त्यावर पाणी टाकायचं होतं, इतकंच. त्यांनी बाईंना चहा दिला. म्हणाले, "बाई, आमी काय तुमचे दुश्मन न्हाई. परसाद सांडला, लोकं बोलत्यात. तुमी फक्त येवढं सांगा, झाड इखारी हुतं, पोरं दगावली असती. मी गावाला सांगतो, बाईनं पोरं वाचवली. इषय संपला."

माझा जीव भांड्यात पडला. वाट समोर मोकळी होती. बाईंनी कप खाली ठेवला.

"दगावली नसती," त्या म्हणाल्या.

"आं?"

"मी उरलेला सगळा भारा बघितला. बकाणाच्या दोनच फांद्या होत्या, बाकी कडुनिंब. एवढ्या पातेल्यात दोन फांद्यांची पानं. बहुतेक कुणाला काहीच झालं नसतं. एखाद्या लहान मुलाला उलटी झाली असती कदाचित. तेही नक्की नाही."

मी डोळे मिटले. शेजारी शेख सरांनी मोठा श्वास सोडला.

आण्णांना काही कळेना. "मंग पातेलं पालथं कशापायी घातलं, बाई?"

"नक्की सांगता येत नव्हतं म्हणून. नक्की माहीत नसलेलं लहान मुलांच्या तोंडात कसं घालायचं? आणि आपण त्यांना कडुनिंब म्हणून देत होतो. तो सगळा कडुनिंब नव्हता."

निमसे सर उठलेच. "बघा आण्णा! स्वतःच म्हणतात काही झालं नसतं!"

आण्णांनी त्यांना हाताने बसवलं. अजूनही त्यांना बाईंना सोडवायचंच होतं. "बरं ऱ्हाऊ द्या. चूक झाली म्हना, बाई. मी मिटवतो."

बाईंनी खरोखर विचार केला. माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून हलवून 'म्हणा, म्हणा' करत होतो. मग म्हणाल्या, "मी मोठ्यांदा ओरडले, त्या मुलीला रडवलं. ती माझी चूक. त्याबद्दल माफी मागते. झाड ओळखण्यात चूक नाही. ती झाली असं म्हणता येणार नाही."

दोन फांद्या! त्या बाईंनी मोजल्या नसत्या तर काय बिघडलं असतं? भाराभर म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? परतताना हे सगळं मी त्यांना बोललो, आवाज चढवून बोललो. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बदलीचा आदेश एप्रिल संपता संपता आला. संस्थेची एक शाखा अकोले तालुक्यात, राजूरच्या बाजूला डोंगरात होती. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, गुडघे दुखरे, आणि तिथे खोली घेऊन राहायचं. बाईंनी हूं की चूं केलं नाही.

त्यांचा शेवटचा दिवस मला आठवतो. परतीच्या वाटेवर हायवेला एक गुलमोहर असा फुलला होता की पान दिसत नव्हतं. सगळा लाल. मी मुद्दाम गाडी हळू केली आणि म्हणालो, "बाई, हा सोनमोहरच ना?"

माझी अपेक्षा होती, आता ओरडतील, छत्री आपटतील, थांबवा म्हणतील. मी ब्रेकवर पाय ठेवून तयार होतो.

"असेल," बाई म्हणाल्या.

बाईंच्या तोंडी 'असेल'! मागे शेख सर झोपले नव्हते, त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी सावेडीपर्यंत गाडी तशीच हळू चालवली. बाई उतरल्या, "येते," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

त्यानंतर गाडी स्वच्छ राहिली. आम्ही वेळेवर पोचायला लागलो. घाट कधी आला, कधी गेला कळायचं नाही. शेख सर पुढच्या सीटवर बसायला लागले आणि तिथेही झोपायला लागले. मला सुख वाटायला हवं होतं. वाटलंही, एक-दोन आठवडे. मग त्या शांततेचाच राग यायला लागला.

पुढचा पाडवा आला तेव्हा सकाळीच भानुदास माझ्या वर्गाच्या दारात, खांद्यावर भारा. "सर, जरा बघता का? ह्योच हाय ना त्यो? मागल्या सालावानी नगं."

"मला काय कळतंय त्यातलं? मी इंग्रजीचा माणूस."

"तुमी बाईंच्या शेजारी बसायचे ना."

आणि मी, कपाळाला आठ्या घालून, एकेक फांदी हातात घेतली. फूल पांढरं. पान एकाच देठाला दोन्हीकडून, विळ्यासारखं वाकलेलं, कडेला करवतीचे दात. सगळा भारा तपासायला तास गेला. खिडकीतून निमसे सर बघत होते. त्यांनी मला अडवलं नाही, आणि प्रसाद वाटायला माझं होईपर्यंत थांबले.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. डोंगरातल्या त्या शाखेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, मी आणि शेख सर गेलो होतो. बाई तिथे भेटल्या. वाळल्या होत्या, उन्हाने काळवंडल्या होत्या. जेवताना मी त्यांना पाडव्याचं सांगितलं. त्यांनी लगेच परीक्षा घेतली, "कडुनिंब होता कशावरून?" मी चिडून सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. "बरोबर," एवढंच म्हणाल्या आणि मला परत भात वाढून घ्यायला लावला. शाळेबद्दल, निमसे सरांबद्दल, आण्णांबद्दल एक शब्द नाही.

दुपारी प्रशिक्षण सुटलं. बाईंना राजूरला त्यांच्या खोलीवर जायचं होतं, आम्हाला उलट दिशेने नगरला. रस्त्यावर प्रवासी जीप उभी होती, आतबाहेर माणसं. बाई कशाबशा चढल्या, कडेला बसल्या. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात त्या परत खाली उतरताना दिसल्या.

जीपवाला ओरडला, "बसा ना बाई! टाइम व्हतोय."

"ते समोरचं झाड कोणतं हो?"

"झाडच हाय. बसा."

रस्त्याच्या पलीकडे, उतारावर एक झाड होतं. नवी पानं पोपटी, आणि त्यांच्यामधून बारीक पांढुरकी फुलं. मी काच खाली केली. माझा ठरलेला वैताग जागा झाला होता. या बाई आता ती जीप घालवणार, उन्हात उभ्या राहणार, गुडघे धरणार.

"बाई," मी ओरडलो, "कोणतं आहे ते एकदाचं सांगा, आणि बसा जीपमध्ये!"

बाईंनी मागे वळून पाहिलं. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"माहीत नाही!" त्या रस्त्यापलीकडून ओरडल्या. "जगताप, मला माहीतच नाही!"

जीपवाल्याने कपाळावर हात मारला आणि गाडी सोडली. पुढची जीप तासाने होती. बाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि त्या उतारावरून झाडाकडे निघाल्या.